रॅकेट बदलायच्या आधी शटलकडे बघ

बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझा मोठा मेसेज नीट वाचला आणि उत्तर फोनवर देण्याऐवजी लिहूनच पाठवतोय, कारण यातलं निम्मं तुला हातात शटल घेऊन वाचायचंय. नायलॉनचं शटल सोडून फेदरवर, म्हणजे खऱ्या पिसांच्या शटलवर आलीस आणि बॅडमिंटनच सगळं एकदम बिघडल्यासारखं वाटतंय, क्लिअर म्हणून उंच मारलेलं शटल समोरच्या मागच्या लाइनपर्यंत जात नाही, मधेच पडतं, नेटपलीकडे हलकेच टाकायचा ड्रॉप नेटमध्ये बसतो, स्मॅश मारला की पीस तुटून कोर्टवर पडतं आणि बाकावर बसलेल्या बाबांकडे बघायची हिंमत होत नाही. त्यात क्लबमधला एक दादा म्हणतो रॅकेट बदल, दुसरा म्हणतो रॅकेटच्या जाळीचं गटिंग टाइट करून घे. मी सांगतो, जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत रॅकेट तीच, गटिंग तेच, बूटसुद्धा तेच. नायलॉन तुझ्या ज्या चुका पोटात घालत होतं त्या फेदर घालत नाही, एवढंच झालंय, आणि पंधराव्या वर्षी झालं हे फार बरं झालं.

आज संध्याकाळी अभ्यास झाला की एक नवं शटल आणि एक पार मेलेलं शटल घेऊन ट्यूबलाइटखाली बस. आधी नवं. पिसं मोज, 16 भरतील, नियमातच 16 आहेत. प्रत्येक पीस कॉर्कमध्ये खोचलंय, चिकटवलंय, आणि दांड्यांना दोऱ्याचे दोन वेढे आहेत. आता वरून, म्हणजे पिसांच्या टोकांच्या बाजूने बघ, प्रत्येक पीस शेजारच्यावर थोडं चढलेलं दिसेल आणि सगळी एकाच दिशेने चढलेली असतील. हे चढणं महत्त्वाचं आहे, यावर पुन्हा येतो. मग एक पीस चिमटीत धरून वरच्या पात्याच्या केसांना हलकेच उलटं कर, फटी पडतील, आणि मग दांडीकडून टोकाकडे बोट फिरव, फटी परत मिटतील. पिसाच्या प्रत्येक केसाला आणखी बारीक केस असतात आणि त्यांना आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात, दप्तराची चेन लागते तसं. आकडे अडकलेले असले की पातं हवा अडवतं, सुटले की हवा आरपार जाते आणि शटल डुलायला लागतं. मोठ्या मॅचमध्ये खेळाडू दोन रॅलींच्या मधे शटल हातात घेऊन बोटाने काहीतरी सारखं करताना दिसतात ना, ते हेच करतात. तूही करत जा, सर्व्हिसच्या आधी, उगाच वेळ न काढता.

नियमातले बाकीचे आकडेही सांगून ठेवतो कारण तुला आकडे आवडतात. वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम, कॉर्कचा व्यास 25 ते 28 मिलिमीटर, कॉर्कच्या वर पिसं 62 ते 70 मिलिमीटर आणि सगळी सारख्या लांबीची, टोकांचं वर्तुळ 58 ते 68 मिलिमीटरचं. पाच ग्रॅमच्या आसपासची ही वस्तू, आणि सात्त्विकसाईराज रंकिरेड्डीने 2023 मध्ये जपानमध्ये यावर मारलेल्या स्मॅशचा वेग 565 किलोमीटर ताशी मोजला गेला, गिनीजमध्ये नोंद आहे. तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा असतो हे लक्षात ठेव. समोरच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला बराचसा हवेने खाल्लेला असतो, आणि हवेला खाऊ घालणारी ही पिसंच. बॅडमिंटनचा अख्खा खेळ या ब्रेकवर उभा आहे, मागून जीव तोडून मारलेलं शटल शेवटी मान टाकल्यासारखं सरळ खाली येतं म्हणून कोर्ट एवढं छोटं असूनही रॅली होते.

आता तुझं क्लिअर मधेच का पडतं ते बघू. नायलॉनचा घेर मऊ असतो, जोरात मारलं की तो आत दबतो, घेर कमी झाला की हवेचा अडथळा कमी होतो आणि शटल पुढे निघून जातं, शिवाय त्याचा उडायचा मार्ग गोलसर असतो. फेदरची दांडी ताठ, ती सहसा दबत नाही, म्हणून सुरुवातीला वेगाने जातं आणि शेवटी एकदम उतरतं. तुझ्या हाताला गेली काही वर्षं सवय झालीये की एवढ्या जोरात मारलं की मागची लाइन. तो हिशोब आता चालणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून जोर वाढवलास ना, तर खांदा दुखेल आणि क्लिअर तिथेच पडेल. तुला जोर नाही वाढवायचाय, लवकर पोचायचंय. मी तुझा व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, तू शटल डोक्याच्या वर आणि किंचित मागे घेतेस, नायलॉन उतरताना जरा जास्त वेळ हवेत रेंगाळल्यासारखं येतं त्यामुळे तिथे चालून जायचं, फेदर तोपर्यंत खाली आलेलं असतं. एक पाऊल आधी मागे जा, शटल पुढे आणि वर घे, हात पूर्ण उघडलेला असू दे, मूठ शेवटच्या क्षणापर्यंत सैल ठेव. कोर्टवर मार्किंगचा टेप लावून रोज फक्त क्लिअर, दुसरं काही नाही, आणि शटल कुठे पडतं त्याच्या आधी तू कुठे उभी होतीस ते बघायचं.

आणि आता ते मेलेलं शटल उचल. मला तुला मुख्य जे सांगायचंय ते इथे आहे, कारण मुलं शटल तुटलं की लाथ मारून कोपऱ्यात ढकलतात, आणि नेमकं त्याच शटलवर त्यांच्या खेळाची सगळी माहिती लिहिलेली असते. नीट बघ काय तुटलंय. पिसांच्या दांड्या मधेच मोडल्यात का? मग तुझी रॅकेट कॉर्कऐवजी पिसांवर आपटतेय, म्हणजे तू उशिरा पोचतेस किंवा रॅकेटचं तोंड वाकडं होतंय. तू जे लिहिलंयस ना, स्मॅशला पीस उडतं, ते मला हेच सांगतंय. पिसांच्या फक्त कडा झिजून झुपकेदार झाल्यात, दांड्या शाबूत आहेत, तर ते शटल भरपूर आणि बऱ्यापैकी खेळलं गेलंय, कट मारले की कडा जाणारच. आणि कॉर्क मऊ पडलाय, पिसं अजून चांगली आहेत, असं शटल दिसलं तर ते मला फोटो काढून पाठव, मी ते बघून खूश होईन, कारण तुझी रॅकेट नेमकी कॉर्कवर बसतेय. दोऱ्याजवळून पीस हललंय, ढिलं झालंय, तर तो माल स्वस्तातला असू शकतो किंवा पिसं कोरडी पडलेली असू शकतात, त्याचा दोष स्वतःवर घेऊ नकोस.

एक वही कर. कुठल्या दिवशी कुठलं शटल किती वेळ टिकलं आणि मेलं तेव्हा काय तुटलं होतं, एका ओळीत. बाकी स्कोअर वगैरे लिहिलं नाहीस तरी चालेल. महिनाभराने दांड्या मोडायचं प्रमाण कमी झालेलं दिसलं की समज तुझं टायमिंग सुधारलं, कोणी कोचने पाठ थोपटायची वाट बघायला नको. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे करायला लावतो आणि जी मुलं मनापासून करतात त्यांचा हात पुढे जाऊन फार सफाईदार होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पिसं एकमेकांवर एकाच दिशेने चढलेली असतात असं वर म्हटलं, त्यामुळे शटल उडताना स्वतःभोवती फिरतं. घराच्या गॅलरीतून नवं शटल कॉर्क खाली ठेवून नुसतं सोड आणि खाली भावाला बघायला सांग, फिरताना दिसेल. फिरणं सगळीकडे सारखं राहावं म्हणून एका शटलमध्ये एकाच बाजूच्या पंखाची पिसं घालतात, बहुतेक डाव्या, कारण उजव्या आणि डाव्या पंखाच्या पिसांचा बाक उलटा असतो, दोन्ही मिसळली तर शटल कुठे जाईल काही नेम नाही. याचा तुला उपयोग नेटवर आहे. ड्रिबल करताना, म्हणजे नेटजवळून शटल हलकेच पलीकडे टाकताना, कॉर्कला एका बाजूने घासलं की शटल जास्त गिरक्या घेतं आणि दुसऱ्या बाजूने तेवढं नाही, कारण एकीकडे तुझा कट आणि पिसांचं मूळचं फिरणं जुळतं, दुसरीकडे भांडतं. कुठली बाजू कुठली ते मी सांगणार नाही, नेटजवळ उभी राहून फोरहँड बॅकहँड दोन्हीकडून करून बघ आणि बोटांना कळू दे. डावखुऱ्या मुलांचे काही कट आपल्याला विचित्र वाटतात त्याचंही हे एक कारण आहे. नायलॉनवर हा फरक एवढा जाणवतच नाही म्हणून तुझा ड्रॉप सध्या नेटमध्ये जातोय, तू अजून नायलॉनइतका कट देतेस, आणि फेदर त्याहून लवकर मान टाकतं. ड्रॉप थोडा उंच काढ, नेटच्या वर वीतभर गेला तरी चालेल, उतरायचं काम पिसं करतील.

पिसांवर आधी मारायचं की कॉर्कवर यावरून नियमसुद्धा बदलले आहेत हे तुला माहीत असावं. मलेशियाच्या सिडेक भावांची एक सर्व्हिस होती, रॅकेट आधी पिसांना घासायची आणि शटल असं काही वेडंवाकडं डुलत जायचं की परत करणं मुश्कील, 1982 मध्ये त्या सर्व्हिसवर बंदी आली आणि तेव्हापासून सर्व्हिस करताना रॅकेट आधी कॉर्कलाच लागली पाहिजे. मग 2023 मध्ये डेन्मार्कच्या एका खेळाडूने वेगळीच युक्ती काढली, शटल सोडतानाच बोटांनी त्याला गिरकी द्यायची, तीही जागतिक महासंघाने थांबवली. मला वाटतं दोन्ही वेळेला बरोबर केलं, सर्व्हिसवरच पॉइंट संपायला लागले तर रॅली बघायला कोण येणार. तुला आत्ता एवढंच करायचंय की शॉर्ट सर्व्हिस करताना शटल पिसांच्या टोकाला हलकं धर, दांडीला नाही, आणि सोडताना बोटं फक्त उघड. तुझा अंगठा शटल ढकलतो, व्हिडिओत दिसतंय.

आता स्पीड. ट्यूबच्या झाकणावर किंवा बाजूला आकडा असतो, कुणाकडे 75, 76, 77, 78 असा, कुणाकडे 1 ते 5 असा, आकडा मोठा तेवढं शटल वेगवान. हवा गरम झाली की विरळ होते आणि शटल लांब जातं, म्हणून उन्हाळ्यात छोटा आकडा आणि थंडीत मोठा. उंचीवरही हवा विरळ असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, मुंबईत जे 77 नेमकं पडतं तेच पुण्यात लांब जाऊ शकतं. नागपूरला मे महिन्यात स्पर्धा असेल तर विचारूच नकोस, तिथे सगळ्यात स्लो घेऊन जायचं. नव्या हॉलमध्ये गेलीस की आधी टेस्ट कर. मागच्या लाइनवर उभं राहायचं, अंडरहँड पूर्ण फटका, शटल वर आणि साइडलाइनला समांतर, ते समोरच्या मागच्या लाइनच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं की स्पीड बरोबर. पट्टी घेऊन जायची गरज नाही, डबल्सची लाँग सर्व्हिस लाइन त्या पट्ट्याच्या साधारण मधोमध येते, तिच्या दोन्ही बाजूला वीतभर धर. फटका मात्र दरवेळी सारखा पाहिजे, आणि तुझ्या वयात सगळ्यांचा तेवढा जोर नसतो, त्यामुळे एखाद्या सीनियरकडून मारून घे. मला तर दाट शंका आहे की तुमच्या क्लबने आणलेली ट्यूब त्या हॉलसाठी स्लो आहे. त्या दादाने रॅकेटचा विषय काढण्याआधी ट्यूबवरचा आकडा वाचायला हवा होता.

काही ठिकाणी शटल लांब जायला लागलं की पिसांची टोकं बाहेर वाकवतात, स्लो होतं, आत वाकवली की फास्ट. आयोजकांनी स्पर्धेच्या आधी ठरवून केलं तर गोष्ट वेगळी, पण मॅच चालू असताना खेळाडूने स्वतः शटलची पिसं मुद्दाम वाकवणं किंवा मोडणं हे गैरवर्तन धरतात, कार्ड मिळू शकतं. समोरची मुलगी करत असेल तर अंपायरला शांतपणे सांग, तू करू नकोस, कधीच.

वाफेबद्दल विचारलंस. हो, देतात, आणि फरक पडतो. पीस म्हणजे आपल्या नखा-केसांसारखंच केराटिन, कोरडं पडलं की कडक होतं आणि टचकन मोडतं, थोडा ओलावा मिळाला की लवतं. आदल्या रात्री चहाच्या पातेल्यात पाणी उकळायचं, ट्यूबची दोन्ही झाकणं काढायची, पिसांच्या बाजूने काही सेकंद वाफ आत जाऊ द्यायची, लगेच झाकणं लावून ट्यूब उभी ठेवायची. जास्त वेळ धरलीस तर शटल जड होईल, कॉर्कला पाणी लागलं तर ते शटल गेलंच. हे आईसमोर करायचं, एकटीने नाही, वाफेने हात भाजतो. ज्यांना वाफेची कटकट नको ते झाकणात ओलसर स्पंजचा तुकडा ठेवतात, तेही चालतं. पावसाळ्यात यातलं काही करू नकोस, हवेतच पुरे एवढा ओलावा असतो, तेव्हा उलट ट्यूब घट्ट बंद ठेवायची. उन्हाळ्यात बाबांच्या गाडीच्या डिकीत शटल ठेवायची नाहीत. खेळायच्या बॅगेत ओल्या टॉवेलखाली दाबलेली ट्यूबसुद्धा मी बघितलीये तुझ्याकडे, तेवढं बंद कर.

पैशांचं. तू लिहिलंयस की बाबा काही बोलत नाहीत पण तुला कळतं. मला हे वाक्य वाचून बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. फेदर महागलंय हे खरं आहे, 2025 मध्ये तर आपल्याकडे तुटवडाच झाला होता, भाव चढले आणि मोठमोठ्या अ‍ॅकॅडमींनाही शटल पुरवून पुरवून वापरायची वेळ आली. कारण असं की ही पिसं मुख्यतः चीनमधून येतात, तिथे बदकं आणि हंस मांसासाठी पाळतात, ते खाणं कमी झालं की पाळणं कमी होतं आणि पिसंही कमी होतात. वर शटलला फक्त पंखांची मोठी पिसं लागतात, एका पंखातून चांगली अशी मोजकीच निघतात, त्यातली एका वजनाची, एका बाकाची निवडायची, म्हणजे एका शटलमागे एकाहून जास्त पक्षी येतात. हंसाच्या पिसाची दांडी जाड असते, जास्त टिकतं, बदकाचं स्वस्त पडतं आणि लवकर जातं. आपल्याकडे बंगालमध्ये हावड्याजवळ उलुबेरियाला घरोघरी शटल बनतात, बदकाच्या पिसांची, पिसं धुणं, कापणं, निवडणं, खोचणं, दोरा गुंडाळणं, सगळं हाताने, आणि त्यात बायकांचे हात खूप आहेत. तुझ्या प्रॅक्टिसला ती शटल अगदी चालतील, सगळ्या गोष्टीला महागडा ब्रँड लागत नाही.

खर्च असा आवर. घरी तीन रिकाम्या ट्यूब ठेव. नवीन शटल फक्त मॅच प्रॅक्टिसला आणि स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत क्लिअर-ड्रॉपला. त्यातून निघालेलं, एकदोन पिसं झिजलेलं शटल दुसऱ्या ट्यूबमध्ये, ते ड्राइव्ह आणि डिफेन्सला. दांडी मोडलेलं तिसऱ्या ट्यूबमध्ये, ते सर्व्हिसला आणि नेटवर हात बसवायला, आणि मल्टीशटलला, म्हणजे एकामागून एक शटल टाकून करायच्या सरावाला, तर मोडकं सोडून दुसरं काही वापरूच नये. फुटवर्क, शॅडो यांना शटल लागतच नाही आणि तुला सध्या त्याचीच जास्त गरज आहे. नायलॉनही टाकून देऊ नकोस, सकाळी शाळेच्या मैदानावर भावाबरोबर खेळायला तेच, फक्त स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत त्याला हात लावायचा नाही, टायमिंग परत सरकतं. आणि बाबांना वहीतलं दाखव. किती शटल गेली, का गेली, या महिन्यात कमी का गेली. बाकावर बसून त्यांना फक्त पीस तुटताना दिसतं, त्यांना पुढचंही दिसू दे.

मेसेजच्या शेवटी तू एक प्रश्न अगदी दबकत विचारलास, तुमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, आणि आजी विचारते की ही पिसं कुठून येतात, मग खेळावं का. बेटा, हा प्रश्न लहान नाही आणि तू विचारलास याचा मला अभिमान वाटला. वर लिहिलं तसं, पक्षी मांसासाठी पाळले जातात आणि पिसं त्यातून मिळतात, हे आजीला खरं खरं सांग, गळून पडलेली पिसं असतात असं काही सांगून वेळ मारून नेऊ नकोस. शिवाय कॉर्कवर पातळ चामडं असतं, तेही सांग. घरच्यांना पटलं नाही तर मार्ग आहे, जागतिक बॅडमिंटन महासंघाने 2021 पासून कृत्रिम पिसांच्या शटलना मान्यताप्राप्त स्पर्धांत परवानगी दिली आहे आणि ती नायलॉनपेक्षा फेदरच्या बरीच जवळ जातात. पण आपल्याकडे स्पर्धांत अजून बहुतेक खरी पिसंच असतात, तेव्हा स्पर्धेत खेळायचं तर त्यांना हात लावावाच लागेल. एकच शटल शेवटपर्यंत वापरणं, फुकट न घालवणं, हे मी माझ्यापुरतं पाळतो. तू काय पाळायचं ते तू आणि तुझं घर ठरवेल, तू कुठलंही ठरवलंस तरी मी तुला शिकवणारच.

आणि एक राहिलं. तुमच्या क्लबात सगळे स्मॅशच्या मागे लागलेत, तुलाही वाटतं जोर कमी पडतोय. ज्या खेळाला इंग्रज अधिकारी पूना म्हणायचे आणि ज्याचे नियम 1873 मध्ये आपल्या पुण्यात लिहिले गेले, त्या खेळातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजेता सांगलीचा होता, नंदू नाटेकर, 1956 मध्ये मलायात सेलांगर स्पर्धा जिंकले, 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला त्यांनाच मिळाला. त्यांचं नाव निघालं की जुने लोक जोराबद्दल बोलत नाहीत, मनगटाबद्दल बोलतात. प्रकाश पदुकोण बंगळुरूत लग्नाच्या हॉलमध्ये खेळून मोठे झाले आणि 1980 मध्ये ऑल इंग्लंडच्या फायनलला इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला 15-3, 15-10 हरवलं, समोर केवढा जोरदार स्मॅश मारणारा माणूस होता, त्याला त्यांनी हवा तो वेग मिळूच दिला नाही. हे फेदरनेच शक्य होतं, पिसांना ब्रेक आहे म्हणून. वाऱ्यापावसात मात्र पिसांचं काही चालत नाही, म्हणून तर तंजावरकडे लोक लोकरीच्या चेंडूने खेळायला लागले आणि त्याचा बॉल बॅडमिंटन हा वेगळाच खेळ झाला. तेव्हा हॉलमधल्या मोठ्या पंख्याचा वारा कुठल्या बाजूने येतो तेही बघून ठेव, टॉस जिंकलीस तर उपयोगी पडेल, पंखा पाठीशी असलेल्या बाजूला तुझं क्लिअर बाहेर जाईल आणि समोरच्या बाजूला छोटं पडेल.

आता कामाचं. ट्यूबवरचा आकडा मला आजच कळव, त्यावर मी तुमच्या क्लबच्या सरांशी बोलतो. आठवडाभर फक्त क्लिअर आणि नेटवरचा कट, स्मॅश बंद. वहीची पहिली दोन पानं भरली की फोटो पाठव, आणि सोबत मेलेल्या शटलचाही, पिसांच्या बाजूने वरून काढलेला, उजेडात. आईला सांग की जुनी शटल केरात टाकू नका, पुढच्या महिन्यात मी तिकडे येतोय तेव्हा ती सगळी एकत्र बसून बघू. आजींना नमस्कार सांग.

तुझा,
सर